तपासलेल्या पिशवीचा पत्ता

रक्तपेढीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, किती वेळ लागेल? दुसरा, रक्त चांगलं आहे ना? पहिल्याचं उत्तर मी पंचवीस वर्षं एकच देत आले आहे: पाऊण तास, आणि मध्ये मध्ये येऊन विचारलंत तर एक तास. दुसऱ्याचं उत्तर सुरुवातीची काही वर्षं मी बेधडक देत होते. "तपासलेलं आहे, काळजी करू नका." आता मी "तपासलेलं आहे" एवढंच म्हणते आणि पावती पुढे सरकवते. काळजी करू नका, हे म्हणणं मी का सोडलं ते सांगायला बसले आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी विरारला तंत्रज्ञ म्हणून लागले. आमची रक्तपेढी पश्चिमेला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. खाली औषधाचं दुकान आणि झेरॉक्सवाला. त्या काळात विरार-नालासोपाऱ्यात दर महिन्याला नवी इमारत उभी राहायची आणि दर दोन महिन्यांनी नवं नर्सिंग होम. रक्त मात्र तेवढ्याच खाटांवर जमा व्हायचं. त्यामुळे आम्ही बदली रक्तदाता मागायचो. तुम्ही एक पिशवी नेली तर घरचं कुणीतरी आणून एक पिशवी भरून द्या. माणसं हात जोडायची, भांडायची, पळूनही जायची. एक गृहस्थ तर बायकोसाठी रक्त घ्यायला आले आणि स्वतः द्यायची वेळ आल्यावर म्हणाले, "मॅडम, माझं आधीच कमी आहे, ऑफिसातले साहेब रोज पितात." अर्नाळ्याचे एक काका पिशवी हातात घेऊन उजेडात धरायचे आणि तारीख विचारायचे. "परवाचं? ताजं नाही का?" मी म्हटलं, "काका, हे पापलेट नाही. पस्तीस दिवस टिकतं." ते म्हणाले, "बर्फात ठेवलेला माल विकणारी सगळीच असं सांगतात."

तपासणी म्हणजे काय, तेही सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पिशवी भरताना तिच्याबरोबर एक छोटी नळीही भरतात. पिशवीला आणि नळीला एकच नंबर. नळीतल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग, मलेरिया अशी तपासणी होते. एचआयव्हीसाठी प्लास्टिकची एक ताटली असते, तिच्यात शहाण्णव खळगे. प्रत्येक खळग्यात एकेका दात्याच्या रक्ताचा थेंब, मग रसायनं, मग धुणं, मग पुन्हा रसायनं. शेवटी खळगा पाण्यासारखा राहिला तर पिशवी फ्रिजमध्ये जाते. पिवळा झाला तर ती नष्ट करायची.

यात एक गोम आहे. ही तपासणी विषाणूला शोधत नाही. विषाणू शिरल्यावर शरीर त्याच्याशी लढायला जी प्रतिपिंडं तयार करतं, त्यांना शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, एखाद्याला तीन महिनेही. तेवढे दिवस विषाणू रक्तात असतो आणि खळगा पाण्यासारखाच राहतो. याला आम्ही विंडो पिरियड म्हणतो. त्या दिवसांत यंत्र काही सांगू शकत नाही, सांगू शकतो तो फक्त दाता. म्हणून फॉर्मवर प्रश्न असतात: गेल्या काही महिन्यांत कावीळ झाली होती का, ऑपरेशन झालं का, सुया घेतल्या का, लग्नाबाहेर कुणाशी संबंध आला का.

हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत याच प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क होते. आणि तरीही शिबिरात मी काय करायचे ते ऐका.

शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारी मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसायचे आणि सगळ्या प्रश्नांपुढे "नाही"च्या चौकोनात बरोबरची खूण करून ठेवायचे. शंभर फॉर्म, तासाभराचं काम. दुसऱ्या दिवशी वेळ वाचायचा. मंडळाच्या पोरांना अकराच्या आत आटपायचं असतं, मंडपात आरती असते, खाटा चारच असतात. दाता टेबलापुढे आला की मी एका श्वासात विचारायचे, "कावीळ, मलेरिया, ऑपरेशन, बाहेरची भानगड काही नाही ना?" तो "नाही" म्हणायचा आणि सही करायचा. मागे रांग चिकटून उभी. त्यात मित्र, शेजारी, कधी सासरा.

ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षीही गणपतीत एका मंडळाचं शिबिर होतं. दिनेश नावाचा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा टेबलापुढे आला. (नावं सगळी बदललेली आहेत.) लिफ्टच्या वायरिंगचं काम करायचा. आमच्याकडे आधी दोनदा रक्त दिलेलं, कार्ड खिशात. मी माझा मंत्र म्हटला. तो क्षणभर थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, त्याला काय विचारता बाहेरची भानगड, त्याच्याकडे बघून मांजरसुद्धा रस्ता बदलते." रांग हसली, दिनेश हसला, मीही हसले. त्याने सही केली. पिशवी भरली, मंडळाने भेट दिलेला स्टीलचा डबा घेऊन तो गेला. खळगा पाण्यासारखा राहिला.

जानेवारीत तो पुन्हा आला. मित्राच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, बदली दाता म्हणून. दुसऱ्या दिवशी ताटलीत त्याचा खळगा पिवळा झाला. मी ताटली पुन्हा लावली. एखाद्या वेळी खोटाही पिवळा येतो, धुण्यात कसर राहिली तर. पुन्हा पिवळा. मग मी त्याचं कार्ड काढलं. आधीचं रक्तदान गणपतीत.

गणपतीतली पिशवी कुठे गेली?

रजिस्टरमध्ये सापडायला दोन मिनिटं लागली. बी पॉझिटिव्ह. नालासोपारा पश्चिमेच्या एका प्रसूतिगृहाने एकाच रुग्णासाठी दोन पिशव्या नेल्या होत्या, त्यातली एक ही. रुग्णाचं नाव सुगंधा, वय बावीस, राहणार कळंब. कारण, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव.

मी रजिस्टर घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे. त्यांनी दोन्ही नोंदी वाचल्या.

"पहिल्या वेळी आपली तपासणी निगेटिव्ह आहे," ते म्हणाले. "कागदावर आपण स्वच्छ आहोत."

मी सुगंधाच्या नावावर बोट ठेवलं.

"कागदावर," ते पुन्हा म्हणाले. "बाळंतीण आहे ना? म्हणजे बाळ अंगावर पीत असणार."

"चार महिन्यांचं झालं असेल, सर."

त्या काळात पिशवी नष्ट करायची आणि दात्याला सरकारी केंद्रात पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं, एवढं आम्हाला माहीत होतं. त्याच्या आधीच्या पिशवीचं काय करायचं, यावर आमच्या फायलींत मला एक ओळही सापडली नाही. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "संस्थेच्या वतीने पाठवायला मला समितीला विचारावं लागेल. समिती पंधरा दिवसांनी बसते. तू माझ्या वतीने जा. उद्याच जा. आणि बाई, तिला घाबरवू नकोस."

आधी दिनेशला बोलावलं. सरांच्या केबिनमध्ये त्याला सांगितलं, की एका तपासणीत शंका आहे, नक्की नाही, सरकारी केंद्रात जाऊन पुन्हा तपासून घे. त्याने कागदाची घडी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, गणपतीत तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या मागे कोण उभं होतं माहितीये? माझा होणारा मेहुणा. तोच तो, मांजरवाला."

"मग नंतर येऊन सांगायचं होतंस."

"फॉर्मवर तुम्ही आधीच 'नाही' लिहून ठेवलं होतं. मला वाटलं, असंच असतं."

तो उठून निघाला. त्याने दारातून वळून विचारलं, "माझं ते रक्त कुणाला दिलं?" मी म्हटलं, ते सांगता येत नाही. हे नियमाला धरून होतं. पुढे केंद्रात त्याची लागण नक्की झाली. ठरलेलं लग्न त्याने स्वतःहून मोडलं, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी थर्मासमध्ये बर्फ, दोन रिकाम्या नळ्या, सुया आणि कापूस घेऊन मी नालासोपाऱ्याहून कळंबची बस धरली. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते. रक्त दिलेल्या रुग्णांची आम्ही चार महिन्यांनी पुन्हा तपासणी करतो, असं सांगायचं. सरळ, साधं. घाबरायचं काही कारण नाही.

घर सुरूच्या झाडांपलीकडे होतं. अंगणात बोंबील वाळत होते आणि सासू काठी घेऊन कावळे हाकत होती.

"कोन पायजे?"

"सुगंधा इथेच राहते का? मी विरारच्या रक्तपेढीतून आलेय."

"रगत तं दिला ना तुमी? आता काय राहिला?" ती म्हणाली, पण लगेच आत वळून ओरडली, "गो सुगंधा, रगतवाली बाई आली. पानी दे तिला."

सुगंधा बाळाला पदराखाली घेऊन दारात आली, आणि तिने मला आत बसवलं. बारीक, काळीसावळी, डोळे तीक्ष्ण. मी ठरवलेलं वाक्य म्हटलं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं.

"सगळ्यांची करता तपासणी?"

"हो."

"माझ्या नणंदेला मागच्या वर्षी तुमच्याकडचंच रक्त लावलं. तिच्याकडे कोणी आलं नाही."

मी पाणी प्यायले. मग म्हणाले, "आई जरा बाहेर आहेत तोवर सांगते." आणि सगळं सांगितलं. आधीच खुणा केलेल्या फॉर्मचं सोडून सगळं. ते सांगायची हिंमत मला झाली नाही.

बाळ पीतच होतं, त्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "याला पाजू का नको?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. चार महिने पाजलेलं, एका दिवसाने काय होणार, हे डोक्याला कळत होतं. पण तिच्या तोंडावर "पाज" म्हणायला माझी जीभ उचलेना. शेवटी म्हटलं, "उद्या दुपारी निकाल घेऊन मी स्वतः येते. तोवर त्याला उपाशी नको ठेवू."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"नाही."

तिने हात पुढे केला. शीर पहिल्याच सुईला मिळाली.

त्या दिवशी ताटली मी दुसऱ्या कुणाला लावू दिली नाही. ताटली अर्धा-अर्धा तास उबवायला ठेवावी लागते, मध्ये धुवावी लागते, घाई करून उपयोग नसतो. तिच्या शेजारच्या खळग्यात मुद्दाम घातलेला पॉझिटिव्ह नमुना असतो, यंत्रणा चालते की नाही हे बघायला. तो पिवळा होत गेला. मी तिच्या खळग्याकडे बघत राहिले. पाण्यासारखा. पुन्हा लावलं. पाण्यासारखा. चार महिने उलटून गेले होते, म्हणजे हा निकाल भरवशाचा. सर शेजारी येऊन उभे राहिले आणि खळगा बघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी कळंबला गेले ती जवळजवळ पळतच. सुगंधा ओट्यावर बसली होती. मी लांबूनच 'काही नाही' म्हणून मान हलवली. तिने बाळाला उचलून उभं धरलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. सासूला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "ही रगतवाली रोजच येते का आता?" आणि मला वाळलेले बोंबील कागदात बांधून दिले.

मी निघाले तेव्हा सुगंधा बसस्टॉपपर्यंत आली. बोलता बोलता म्हणाली, "यांनी दोन पिशव्या आणल्या होत्या. लागली एकच. देवानेच दुसरी नको म्हटलं असणार."

मी थांबले. "एकच लावली?"

"एकच. डॉक्टर बोलले, बास झालं, रक्त थांबलं."

बस आली आणि मी चढले. नालासोपारा येईपर्यंत मला बोंबलांचा वासही आला नाही. सुगंधाला लागण नव्हती, म्हणजे न लागलेली पिशवी दिनेशचीच असणार, आणि ती आमच्याकडे परत आली नव्हती. फ्रिजबाहेर अर्धा तास गेलेली पिशवी आम्ही परत घेतही नाही. मग ती टाकायची असते आणि आम्हाला कळवायचं असतं. कुणी कळवत नसे, आम्हीही विचारत नसू.

मी तशीच प्रसूतिगृहात गेले. दुसरी पिशवी कुठे, हे ऐकल्यावर तिथल्या डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग सरळ सांगितलं. कळंबच्या बाळंतिणीला एक पिशवी पुरली. दुसरी त्यांनी लशींच्या फ्रिजमध्ये ठेवली. पुढच्या सकाळी एक बिगारी बाई आणली गेली. तिसऱ्या महिन्यात पोट पडलेलं, कपडे रक्ताने भिजलेले, नाडी लागत नव्हती. गट बघितला, बी पॉझिटिव्ह.

"तिच्या रक्ताशी जुळवणी न करता लावलीत?"

"बाई, ती माझ्यासमोर मरत होती. मी तुमच्याकडे माणूस पाठवून पाऊण तास वाट बघत बसू? लावली, आणि ती जगली. दुसऱ्या दिवशी चालत गेली."

मी पेन काढलं. "तिचं नाव?"

"लक्ष्मी की काय. नोंद केली नाही. फी घेतली नव्हती मी तिची," ते म्हणाले, थोडं रागावूनच. तिथल्या आयाने मला जिन्यात गाठलं. "मॅडम, ती बोळिंजच्या बिल्डिंगवरची होती. मुकादमच घेऊन आला होता टेम्पोत घालून. पिवळी बिल्डिंग, नवी, पाण्याच्या टाकीजवळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी बिल्डिंग सापडली. रंग लागला होता, काही खिडक्यांना पडदेही. मागच्या बाजूला अजून बांधकाम चालू होतं आणि सुदैवाने मुकादम तोच होता. टेम्पो आठवला त्याला. रक्ताने खराब झालेली गादीही आठवली.

"ती बाई? ती टोळी गेली मॅडम, दिवाळीनंतर. सुरतेकडे गेली म्हणतात, वापीला पण असतील. त्यांचं काय, काम मिळेल तिकडे."

"नाव? गाव?"

"नाव नवऱ्याचं माहीत होतं, तो शंकर. शंकर तर चार होते." त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुमची कोण लागते?"

"कोणी नाही. तिची तब्येत कशी होती नंतर?"

"एकदम चांगली!" मला धीर द्यावा म्हणून तो हसला. "आठ दिवसांत कामावर आली. डोक्यावर विटा घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायची. काळजी करू नका."

या आजारात पहिली काही वर्षं माणूस चांगलाच दिसतो. विटा उचलतो, जिने चढतो, पुन्हा दिवस राहतात, मूल होतं. मुकादमाला हे सांगून उपयोग नव्हता. सरांनी सुरतेला आणि वापीला सरकारी दवाखान्यांच्या नावे पत्रं लिहिली. त्यांत लिहायला वय अंदाजे पंचवीस आणि रक्तगट बी पॉझिटिव्ह, याखेरीज काही नव्हतं. उत्तरं आली नाहीत. काय उत्तर देणार?

त्यानंतर मी फॉर्मवर आधी खुणा करणं बंद केलं. शिबिरात प्रश्नांचं टेबल मी पडद्यामागे लावते, एकेकालाच आत घेते, आणि पडदा ओढून विचारते. मंडळाची पोरं कुरकुरतात, आरतीला उशीर होतो. सुई टोचण्याआधीच दर शिबिरात एक-दोघं तरी उठून जातात, "आज जरा बरं वाटत नाहीये" असं म्हणून. मी त्यांना कारण विचारत नाही, कॉफी देते. पिशवी न लागल्यास कळवा, असा शिक्का प्रत्येक पावतीवर मारते आणि चौथ्या दिवशी फोन करते. नर्सिंग होमवाले मला वैतागतात.

हे सगळं पुढच्यांसाठी झालं. त्या बाईला यातलं काहीच मिळालं नाही. तिला तपासलेली पिशवी मिळाली, ती वाचली, आणि बहुधा तिने आमचे आभारच मानले असतील. त्या सकाळी मुकादमाकडून मी निघाले तेव्हा साडेदहा वाजले होते. पेढीत फोन केला तर माझ्या जागी बसलेली पोरगी म्हणाली, "मॅडम, लवकर या, तीन माणसं खिडकीत उभी आहेत, रक्त चांगलं आहे का विचारतायत." मी म्हटलं, "तपासलेलं आहे म्हणून सांग." ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."